विभागातली आयसोटोप लॅब बंद करावी का? किरणोत्सर्ग सुरक्षेच्या नियमांचा खर्च आणि त्याचा हिशेब

प्रयोगवही

नमस्कार मंडळी. इथे भौतिकशास्त्रातले, वैद्यकातले, संशोधनातले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवते. आमच्या विभागात एक छोटी आयसोटोप लॅब आहे. फॉस्फरस-३२ आणि ट्रिटियम हे दोन किरणोत्सर्गी पदार्थ, एवढंच तिथे वापरलं जातं. आमचे आरएसओ, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, या वर्षाअखेर निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी कुणाला तरी प्रशिक्षणाला पाठवायचं आणि एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता घ्यायची, की परवाना परत करून लॅबला कुलूप लावायचं, हा विषय पुढच्या विभागीय बैठकीत आहे. बहुतेकांचा कल कुलपाकडे आहे.

खर्च म्हटला की बैठकीत टीएलडी बॅजचे (अंगावर लावायचे, डोस मोजणारे) पैसे आणि किरणोत्सर्ग मोजणाऱ्या सर्व्हे मीटरचं कॅलिब्रेशन एवढंच निघतं, कारण त्याची बिलं असतात. वेळेचं बिल येत नाही. आमच्याकडे फॉस्फरस-३२ वापरून झालं की विद्यार्थिनी टेबल, पिपेट, सेंट्रिफ्यूजचं झाकण, नळाची चावी, फ्रीजचं हँडल अशा ठरलेल्या जागा फिल्टर पेपरच्या चकत्यांनी पुसते. प्रत्येक चकती वेगळ्या बाटलीत, सिंटिलेशन काउंटर या मोजयंत्रामध्ये, आणि आकडे वहीत. आयसोटोप आला किती, वापरला किती, कचऱ्यात गेला किती, याची दुसरी वही. कचऱ्याचे डबे तारीख घालून पर्स्पेक्सच्या पेटीत. शिवाय ईलोरा या एईआरबीच्या ऑनलाइन प्रणालीवरचे अर्ज आणि अहवाल. फॉस्फरस-३२ चं अर्धायुष्य १४.३ दिवसांचं, त्यामुळे पाच महिने ठेवलं की हजारावा हिस्साही उरत नाही आणि तो डबा साध्या कचऱ्यात जाऊ शकतो. हे सगळं मला पटतं. फॉस्फरस-३२ चे बीटा कण जोरकस असतात, उघडी बाटली बोटांत धरून काम करणं वाईटच.

ट्रिटियमचं तसं नाही. त्याचा बीटा कण इतका दुबळा की कातडीचा वरचा मृत थरही ओलांडत नाही. शरीराच्या आत गेला तरच प्रश्न. तरीही आमच्याकडे दोन्हींची कागदपत्रं, दोन्हींची पुसापुशी जवळजवळ सारखीच. हे बाहेरून आलेलं नाही, कधी काळी कुणीतरी विभागात एकच कार्यपद्धती लिहिली आणि ती तशीच राहिली.

लॅब बंद झाली तर जाणार काय? एका विद्यार्थिनीचं काम कायनेजवर, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमवर आहे. फॉस्फरस-३२ लावलेलं एटीपी घातलं की प्रथिनावर किती फॉस्फेट चढलं ते थेट मोजता येतं. फ्लुरोसन्ट किट आहेत, अँटिबॉडी आहेत, पण दर नव्या सब्स्ट्रेटला अँटिबॉडी मिळतेच असं नाही आणि किट बाहेरून मागवावी लागतात. म्हणजे लॅब बंद केली की तिचा प्रश्नच बदलावा लागेल. हे नुकसान बैठकीच्या टिपणात कुठेही नाही.

नियम जाचक आहेत अशी तक्रार मला करायची नाही. नियमांचा खर्च आणि नियमांमुळे वाचणारा धोका हे एका कागदावर कसे मांडायचे, ते मला हवंय. कुणी केलंय का असं?

आणि अजून एक. आमच्या तळघरात एक जुना गॅमा चेंबर आहे, म्हणजे नमुन्यांवर गॅमा किरणांचा मारा करायचं यंत्र, कोबाल्ट-६० चं. कित्येक वर्षांत कुणी वापरलेला नाही. बैठकीच्या विषयपत्रिकेत त्याचा उल्लेखही नाही.

सह्याद्री_पायथा

ताई, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलंत. मी एका संशोधन संस्थेत बरीच वर्षं आरएसओ होतो, आता निवृत्त आहे. फॉस्फरस आणि ट्रिटियमचं नंतर बोलू. आधी तळघर.

मायापुरी आठवा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेला गॅमासेल, म्हणजे तुमच्या चेंबरसारखंच यंत्र होतं. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तो पडूनच होता. ज्यांनी आणला, वापरला, ते प्राध्यापक गेले. २०१० च्या फेब्रुवारीत जुन्या सामानाच्या लिलावात तो भंगारवाल्यांना विकला गेला. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी तो फोडला, आतल्या कोबाल्टच्या पेन्सिली बाहेर आल्या, तुकडे दुकानादुकानांत गेले. एकाने तुकडा पाकिटात ठेवला. एप्रिलमध्ये माणसं दवाखान्यात यायला लागली. अंगावर व्रण, केस गळालेले, रक्तपेशी खाली आलेल्या. एक कामगार दगावला. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना पातळी ४ ची ठरली. एईआरबीने विद्यापीठाला कारणे दाखवा नोटीस दिली आणि किरणोत्सर्गी स्रोत वापरायला मनाई केली.

तो विभाग बेफिकीर लोकांचा होता असं मी म्हणणार नाही. तिथे तेच झालं जे तुमच्याकडे होऊ घातलंय. काम थांबलं, जबाबदार माणूस गेला, खोलीची किल्ली दुसऱ्याकडे, आणि यादीत एक जड लोखंडी पेटी.

"तीस वर्षं झाली, आता त्यात काय उरलंय" असं तुमच्या बैठकीत कुणीतरी नक्की म्हणेल. त्याला हा हिशेब दाखवा. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. तीस वर्षांत पावणेसहा अर्धायुष्यं होतात, म्हणजे सुमारे पन्नासावा हिस्सा उरतो. सुरुवातीला १,००० क्युरी (स्रोताच्या ताकदीचं माप) असेल तर आज १९-२० क्युरी. शिशाच्या आवरणाबाहेर काढून एक मीटरवर उभं राहिलं तर तासाला साधारण २५० मिलिसिव्हर्ट (शरीराला लागणाऱ्या डोसचं माप). आपल्याकडे किरणोत्सर्ग कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० ची मर्यादा आहे आणि कुठल्याही एका वर्षात ३० ची. म्हणजे बारा वर्षांची मुभा एका तासात. हातात धरणाऱ्याचं तर बोलायलाच नको.

आता परवाना परत करण्याचं. लॅबचा परवाना गेला, आरएसओ निवृत्त झाले आणि चेंबर तळघरातच राहिला, तर त्याचा वाली कोण? पैसे वाचवणारा म्हणून जो निर्णय तुमच्यापुढे ठेवलाय, तोच सगळ्यांत धोकादायक आहे.

कणाद

सह्याद्रीकाकांशी शंभर टक्के सहमत. प्रयोगवही यांनी विचारलेला हिशेब मी मांडतो. मी अमेरिकेत हेल्थ फिजिक्समध्ये, म्हणजे किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या क्षेत्रात काम करतो, तेव्हा इथले आकडे देतो.

नियमांमागचं तत्त्व अलारा. डोस शक्य तितका कमी ठेवा, पण तो "वाजवीपणे" शक्य असेल इतकाच, आर्थिक आणि सामाजिक बाबी लक्षात घेऊन. खर्चाचा विचार या तत्त्वातच आहे. नियम आणि खर्च यांची कुस्ती लावायची गरजच नाही. प्रत्यक्षात मात्र "शक्य तितका कमी" एवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

इथली एनआरसी ही नियामक संस्था यासाठी चक्क डॉलरमध्ये आकडा देते. १९९५ साली एका व्यक्तीचा एक रेम डोस टाळण्याची किंमत २,००० डॉलर धरली होती. २०२२ मध्ये ती ५,२०० केली. एक रेम म्हणजे १० मिलिसिव्हर्ट, तेव्हा एक मिलिसिव्हर्ट टाळण्यासाठी ५२० डॉलर खर्च करणं वाजवी.

समजा, तुमच्या लॅबमध्ये दहा जण काम करतात आणि प्रत्येकाचा वर्षाचा जादा डोस ०.१ मिलिसिव्हर्ट आहे. (ट्रिटियमवाल्यांचा याहून कितीतरी कमी असेल.) सगळ्यांचा मिळून झाला १ मिलिसिव्हर्ट. तो संपूर्ण शून्यावर आणण्याची या हिशेबाने किंमत वर्षाला ५२० डॉलर. त्याहून जास्त पैसे आणि वेळ त्या एका मिलिसिव्हर्टमागे जात असेल तर तो दुसरीकडे वळवावा, असं नियामकाचंच गणित सांगतं. निसर्गातून जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट दरवर्षी मिळतोच.

दोन इशारे मात्र देतो. हा आकडा अमेरिकेतल्या माणसाच्या जिवाच्या किमतीवरून काढलाय. त्याला रुपयात बदलून भारतासाठी कमी करायचा मोह होईल, तो टाळा. पुण्यातल्या विद्यार्थिनीचा मिलिसिव्हर्ट शिकागोतल्यापेक्षा स्वस्त धरण्याचं कारण मला दिसत नाही. आणि हे गणित रोजच्या छोट्या डोससाठी आहे. तळघरातल्या चेंबरला ते लावू नका. तिथे सरासरी काढायला काहीच नाही. बहुतेक वर्षी शून्य, आणि एका वर्षी मायापुरी.

जगन्नाथ_पी

मुळात एवढ्या कमी डोसने काही होतं का? केरळात करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिच्यात थोरियम. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहतात तिथे. जवळपास ७० हजार लोकांचा अभ्यास २००९ साली छापून आला, कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. मग ०.१ मिलिसिव्हर्टसाठी चकत्यांनी नळाची चावी पुसत बसायचं कशाला? मला तर वाटतं, लहान डोस धोकादायक हे गृहीतच चूक आहे आणि सगळ्या संशोधनाला त्याचा भुर्दंड बसतोय.

कणाद

जगन्नाथजी, केरळचा अभ्यास चांगला आहे आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. पण त्याच्यासमोर दुसराही ठेवा. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या अणुउद्योगातल्या ३ लाख ९ हजारांहून अधिक कामगारांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. गाठींच्या कर्करोगाने होणारे मृत्यू डोसबरोबर वाढताना दिसले, दर ग्रेला (शोषलेल्या डोसचं माप) सुमारे ५२ टक्के. आणि ते कमी डोसच्या पट्ट्यातही दिसले. आता ग्रे हे फार मोठं माप आहे. १० मिलिग्रेला (इथे साधारण १० मिलिसिव्हर्टला) हिशेब केला तर वाढ अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ०.१ ला तर कुठल्याही अभ्यासात सापडणार नाही एवढी.

म्हणून मी "काहीच होत नाही" असंही म्हणत नाही आणि "थेंबभरही विष" असंही नाही. सरळ रेषेचं गृहीतक, म्हणजे कितीही लहान डोस असला तरी त्या प्रमाणात धोका धरायचा, ज्याला इथे एलएनटी म्हणतात, ते नियम करण्यासाठी ठीक आहे. दर सिव्हर्टला साधारण ५ टक्के घातक कर्करोगाचा धोका धरतात. म्हणजे १ मिलिसिव्हर्टला वीस हजारांत एक. हा आकडा मान्य केला तरी ट्रिटियमवरचा बराचसा सोपस्कार वाजवी ठरत नाही. त्यासाठी गृहीतक मोडीत काढण्याची गरजच नाही.

इथे २३ मे २०२५ ला राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने एनआरसीला एलएनटी आणि अलारा या दोन्हींवरचं अवलंबन पुन्हा तपासायला सांगितलंय. फेरविचार व्हावा असं मलाही बरीच वर्षं वाटतं. पण निष्कर्ष काय हवा ते वरून सांगून तपास सुरू झाला, की त्यातून आलेल्या चांगल्या बदलावरही कामगारांचा विश्वास बसत नाही. याची मला खरीच काळजी वाटते.

अश्विनी_आर

मी पीएचडी करते. वर सगळे डोस आणि डॉलर बोलताहेत, मला दुसरंच सांगायचंय.

मी ज्या लॅबमध्ये आधी होते (नाव लिहीत नाही) तिथे एक पद्धत होती. फॉस्फरस-३२ चं मोठं काम असलं की सीनियर सांगायचे, बॅज ड्रॉवरमध्ये ठेव, कारण तिमाहीचा आकडा जास्त आला तर चौकशी लागते, उत्तरं द्यावी लागतात आणि काम थांबतं. सगळे ठेवायचे. माझ्या बॅजचा अहवाल कायम स्वच्छ. माझ्या बोटांना खरा डोस किती लागला, हे आज जगात कुणीही सांगू शकत नाही. अंगठीचा बॅज असतो हे मला नंतर दुसऱ्या संस्थेत कळलं.

तिथे मी पहिल्यांदा नियमांवर बोट ठेवून "नाही" म्हणाले. पर्स्पेक्सची शील्ड दुसऱ्या खोलीत होती आणि मला घाईत तसंच जेल चढवायला सांगत होते. मी म्हटलं, शील्डशिवाय करणार नाही, लॅबच्या भिंतीवर लिहिलंय. तेवढ्या एका कागदामुळे ते मान्य झालं. गाइडसमोर विद्यार्थ्याचं काय चालतं? नियम नसता तर ती माझी भीती ठरली असती, माझा आळस ठरला असता.

एखादी मुलगी गर्भवती असेल तर गर्भासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टची आहे आणि तिला काम बदलून मागता येतं. ते मागायला आधार लागतो. म्हणून खर्च मोजताना कृपया हेही मोजा की नियम नसतील तर कुणाचा आवाज जातो. नियम हलके करायचे ठरवणारे बहुतेक जण आता स्वतः बेंचवर बसत नाहीत.

सह्याद्री_पायथा

अश्विनी, तू लिहिलंस ते फार मोलाचं आहे. आणि ड्रॉवरमधला बॅज मी पाहिलेला आहे. तो कुठून येतो हेही सांगतो. चौकशी म्हणजे शिक्षा असं झालं की लोक आकडा लपवतात. बॅजचा आकडा वाढला तर "काय झालं, शील्ड कमी पडली का, काम वाटून घेता येईल का" एवढंच विचारायचं असतं. ज्या आरएसओने पहिल्या चौकशीत विद्यार्थ्याला झापलं, त्याच्याकडे पुढे खरा आकडा कधीच येत नाही. मग बॅजवर केलेला सगळा खर्च वाया.

आणखी एक बाजू आहे, ती फारशी बोलली जात नाही. १९९५ साली अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत एका गर्भवती संशोधिकेच्या शरीरात फॉस्फरस-३२ सापडलं. पुढे तिच्या दोन डझनांहून अधिक सहकाऱ्यांमध्येही, कारण ते पाण्याच्या कूलरमध्येही मिसळलेलं निघालं. आपोआप सांडलेलं नव्हतं ते. "छोटा आयसोटोप, त्याला कुलूप कशाला" असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. कुलूप आणि आवक-जावकेची वही या गोष्टी स्वस्त आहेत, त्यांच्यावर कात्री नको.

मृदुला_के

धागा वाचते आहे. खर्चाचा फेरविचार होऊन नियम बदलला आणि त्यातून भलं झालं, असं एक उदाहरण देते. न्यूक्लियर मेडिसिनमध्ये असल्याने हे आम्हाला शिकवतात.

१९७९ साली अमेरिकेत कमी पातळीच्या किरणोत्सर्गी कचऱ्याची तीनच ठिकाणं चालू होती. त्यांतली नेवाडा आणि वॉशिंग्टन राज्यांतली दोन काही काळ बंद झाली, आणि तिसरीने, दक्षिण कॅरोलिनातल्या बार्नवेलने, घेतल्या जाणाऱ्या कचऱ्यावर मर्यादा आणली. विद्यापीठं आणि रुग्णालयं अडकली. त्यांच्याकडचा मोठा कचरा कसला, तर सिंटिलेशनच्या बाटल्या. आत ट्रिटियम किंवा कार्बन-१४ अगदी नाममात्र, पण द्रव टोल्यूइनचा, म्हणजे ज्वालाग्राही आणि विषारी. "किरणोत्सर्गी" असं लेबल असल्यामुळे हे टोल्यूइनचे पिंपच्या पिंप साठत होते आणि देशभर ट्रकने फिरत होते. खरा धोका आगीचा, नियम मात्र किरणोत्सर्गाचा.

रेडिओइम्युनोअसे (किरणोत्सर्गी खूण वापरून रक्तातले सूक्ष्म घटक मोजायची पद्धत) शोधून काढल्याबद्दल १९७७ चं नोबेल मिळवणाऱ्या रोझलिन यालो यांनी कमी डोसच्या भीतीविरुद्ध त्या काळात जाहीरपणे भूमिका घेतली होती. १९८१ मध्ये एनआरसीने नियम बदलला. सिंटिलेशन द्रवाच्या किंवा प्रयोगातल्या प्राण्यांच्या ऊतींच्या दर ग्रॅमला ०.०५ मायक्रोक्युरीपर्यंत ट्रिटियम किंवा कार्बन-१४ असेल, तर विल्हेवाटीपुरता तो कचरा किरणोत्सर्गी धरायचा नाही. टोल्यूइनचे रासायनिक नियम मात्र लागूच. जो धोका खरा, त्याचे नियम.

मला हे उदाहरण आवडतं कारण इथे कुणी "सगळं सोडून द्या" म्हटलं नाही. दोन आयसोटोप, एक मर्यादा, एक प्रकारचा कचरा, एवढंच नेमकं उचललं.

शेतीमाती

माझा प्रश्न गॅमा चेंबरबद्दल. काढून टाकायची इतकी घाई का? आमच्या कृषी विद्यापीठात उत्परिवर्तनातून वाण काढायला अशी यंत्रं लागतात. टीएजी-२४ हा भुईमूग ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अशाच कामातून आलेला, आणि तो किती शेतकऱ्यांच्या शेतात गेला हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नियमांच्या भीतीने अशी साधनं एकेक करून गेली तर आमच्यासारख्यांनी काय करायचं?

सह्याद्री_पायथा

वापरात असलेला, आरएसओ असलेला, कुलूपबंद चेंबर खुशाल ठेवा. तो काम देतो आहे, त्याचा खर्च त्या कामातून वसूल होतो. पण तीस वर्षं जुन्या स्रोतात विकिरणाला इतका वेळ लागेल की तुमच्या बियाण्याच्याही कामाचा तो उरलेला नसेल. बियाणं ट्रॉम्बेला पाठवून विकिरण करून घेणं परवडतं. वापर संपला, त्या दिवसापासून स्रोत हा नुसता धोका.

निखिल_टी

काढायची घाई नको याला एक वेगळं कारण देतो. सिअॅटलमध्ये मे २०१९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधन इमारतीतून सीझियम-१३७ चा एक इरॅडिएटर, म्हणजे विकिरण द्यायचं यंत्र, काढत होते. सुरक्षेसाठीच काढत होते, सीझियमची यंत्रं हटवून एक्स-रेची आणायची असा सरकारी कार्यक्रम होता. काढताना कंत्राटदाराच्या लोकांकडून सीझियमचं कवच कापलं गेलं. १३ जणांच्या अंगावर सीझियम, प्रयोगशाळा असलेली सबंध इमारत दीर्घकाळ बंद, आणि सफाईचा खर्च दीडशे दशलक्ष डॉलरच्या वर. त्या इमारतीतल्या लोकांचं संशोधन थांबलं ते वेगळंच.

म्हणजे सुरक्षेचं पाऊलही नीट नाही टाकलं तर असं होतं. "लवकर हलवा" एवढंच बैठकीत ठरलं तर मला भीती वाटते.

प्रयोगवही

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. अश्विनी, तुझी पोस्ट मी तुझ्या परवानगीने बैठकीत वाचून दाखवणार आहे, नाव न घेता. आमच्या विद्यार्थ्यांना अंगठीचे बॅज आहेत का, हे मी आजच आरएसओंना विचारलं. फॉस्फरसवाल्यांना आहेत.

मी टिपण लिहायला घेतलंय. आतापर्यंत असं डोक्यात आहे. परवाना परत करायचा नाही, निदान चेंबर बाहेर पडेपर्यंत तर नाहीच. नव्या आरएसओच्या प्रशिक्षणाला माणूस आत्ताच पाठवायचा, म्हणजे जुने सर असताना हस्तांतर होईल. फॉस्फरस-३२ चं काम चालू ठेवायचं, शील्ड, बॅज, पुसणं, नोंदी सगळं जसंच्या तसं. ट्रिटियम गेल्या काही वर्षांत खरं तर एकाच प्रयोगाला लागलं आहे, थायमिडिन घालून पेशींची वाढ मोजायला. त्याला बीआरडीयूची, म्हणजे किरणोत्सर्गाशिवायची, पद्धत आहे, खर्च थोडा जास्त, पण एक अख्खी नोंदवही कमी होते. तो आयसोटोप आम्ही बंद करू. इथे नियमाने आम्हाला पर्याय शोधायला लावला आणि तो मिळालाही, तेव्हा त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. कायनेजसाठी तसा पर्याय नाही, म्हणून तिथे खर्च करायचा.

कणाद, तुमचा ५२० डॉलरचा हिशेब मी टिपणात घातला आहे. आमच्या एकूण वेळेपैकी किती वेळ ट्रिटियमच्या कागदांवर जातो हे त्याच्या शेजारी मांडल्यावर कुणाला फार समजवावं लागणार नाही. जगन्नाथजींचा केरळचा मुद्दा आणि कामगारांचा अभ्यास दोन्ही घातलेत, नाहीतर कुणीतरी एकच उचलून वाद घालेल.

चेंबरसाठी पैसे कुठून आणायचे हा खरा अडसर आहे. कुलसचिव म्हणतील, वापरत नाही त्यावर खर्च कशाला. सह्याद्रीकाका, सुरुवात कुठून करू?

सह्याद्री_पायथा

क्रमाने लिहितो.

पहिलं म्हणजे तो हलवू नका, खोली बदलू नका, रंगरंगोटीसाठीसुद्धा नाही. आरएसओंना घेऊन खाली जा, सर्व्हे मीटरने चारही बाजूंनी आणि वरून मोजा, आकडे तारखेसकट लिहा. यंत्रावर धातूची पाटी असते. त्यावर बनवणारा, मॉडेल, क्रमांक, भरतानाची क्युरी आणि तारीख असते. तिचा स्वच्छ फोटो घ्या. ती पाटीच तुमचा सगळा पत्रव्यवहार चालवेल.

मग ईलोरावर तो स्रोत तुमच्या संस्थेच्या नावावर दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर घाबरू नका, आधी तो नोंदवून घ्या. लपवण्यात काहीच फायदा नाही. त्यानंतर पुरवठादाराला परत घेण्याबद्दल लिहायचं. यंत्र भारतीय असेल तर वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेकडून आलेलं असण्याची शक्यता जास्त. परदेशी असेल आणि कंपनी उरली नसेल, तर तेही एईआरबीला कळवून काय करायचं ते विचारायचं. वाहतूक मान्यताप्राप्त कंटेनरमधूनच होते आणि तिला वेगळी परवानगी लागते, तेव्हा वेळ लागणार हे धरून चाला. निखिल म्हणतात ते बरोबर आहे, पण तुमच्या जागी बसून कवच कापायची वेळ येऊच द्यायची नाही. स्रोत त्याच्या आवरणासकट, उघडता न करता बाहेर जायला हवा.

कुलसचिवांना डोसचा हिशेब सांगू नका. त्यांना मायापुरीची कारणे दाखवा नोटीस कुणाच्या नावाने निघाली होती ते सांगा. विद्यापीठाच्या नावाने. आणि भंगाराच्या लिलावाची यादी ज्या कार्यालयातून निघते त्यांना आजच लेखी कळवा की तळघरातली अमुक क्रमांकाची वस्तू यादीत घ्यायची नाही. हे पत्र फुकट आहे. पोच घ्या.

अश्विनी_आर

ताई, खुशाल वाचा.

दारावर किरणोत्सर्गाची खूण आहे का त्या खोलीच्या? आमच्याकडे जुन्या स्टोअरची खूण रंगकामात पुसली गेली होती.

प्रयोगवही

खूण आहे, पण मजकूर फक्त इंग्रजीत. सफाई कर्मचारी आणि वॉचमन दोघांनाही ती वाचता येत नाही. मराठीत लिहून, चित्रासकट, उद्या लावून घेते. किल्ली सध्या वॉचमनकडच्या जुडग्यात आहे असं कळलं, ती आरएसओंच्या ताब्यात द्यायला सांगितलं आहे.

कणाद

टिपण तयार झालं की नावगाव काढून इथे टाका. आकडेमोड तपासून देतो.